फजितीची वही

दिवस फसला की बहुतेक जण रात्री इंदूरच्या सराफ्यात जाऊन गरम गराडू (तळलेला कंद) किंवा भुट्ट्याचा कीस खातात आणि विषय संपवतात. खाण्याबद्दल तक्रार नाही, पण त्या दिवसाचं काहीच हाती लागत नाही. फसलेल्या दिवसातून एक धडा आणि थोडं हसू काढायचं, तर एक शंभर पानी वही लागते आणि रोजची 15 मिनिटं.

लिहायला दुसऱ्या दिवशी सकाळी बसा. त्याच रात्री पेन घेतलं की फक्त शिव्या उतरतात. आधी नुसता पंचनामा करायचा: वेळ, जागा, किती पैसे गेले, कोण नेमकं काय म्हणालं. ‘भयंकर’, ‘नेहमीप्रमाणे’ हे शब्द खोडा. ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव लिहा. दुसऱ्याची फजिती वाचतोय असं वाटलं की डोकं लवकर थंड होतं.

समजा, कोणी रंगपंचमीच्या सकाळी कर्जाची फाईल घेऊन राजवाड्याजवळ झेरॉक्सला गेलं. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघालेली, टँकरमधून रंगाचे फवारे तिसऱ्या मजल्यापर्यंत उडतायत, अर्ज गुलाबी झाला. यातून ‘आपलं नशीबच फुटकं’ हा धडा काढला, तर तो कुचकामी, कारण त्यावर करण्यासारखं काहीच नसतं. ‘रंगपंचमीला राजवाड्याकडचं काम ठेवायचं नाही, कागद प्लास्टिकच्या पिशवीत न्यायचे’ हा धडा चालेल. पुढच्या वेळी पाळता येईल तोच धडा. एका दिवसाचा एकच. पाच काढलेत तर एकही पाळला जात नाही.

विनोद सगळ्यात शेवटी, आणि तो मुद्दाम रचायचा नाही. पंचनाम्यातच तो सापडतो: जामीनदाराची सही तेवढी कोरडी राहिली, इतकं तपशिलात असलं की पुरे. काहीतरी बिघडलंय, पण आता त्याने इजा होत नाही, हे दोन्ही एकदम जाणवलं की हसू येतं. म्हणून जखम ओली असताना केलेला विनोद कडवट होतो. झेरॉक्सवाल्याची टर उडवली तर तो दुखावतो, आणि उठसूट ‘मीच मूर्ख’ म्हणत राहिलं तर चार दिवसांनी आपल्यालाच ते खरं वाटू लागतं. हसायचं ते प्रसंगाला. माणसं पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याइतकी, चिमूटभर.

पहिल्या दिवशी लिहून झाल्यावर मन आणखी खट्टू झालं तरी वही बंद करू नका. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या 1986च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं आपल्या दुःखद अनुभवांबद्दल लिहिलं. लिहून उठताना त्यांचा मूड बिघडलेला असे. पुढच्या महिन्यांत मात्र घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी राहिल्या.

पाचव्या दिवशीही तेच पान, तेच शब्द येत असतील, तर ते लिहिणं नाही, उगाळणं आहे. तिथे पेन ठेवा आणि जवळच्या माणसाशी बोला. घरातला मृत्यू, मोठं आजारपण अशा दिवसांचा पंचनामा हवा तर लिहा, धडा आणि विनोदाची जागा कोरी सोडा.