रोजे सुरू व्हायच्या आधी पाण्याची बाटली शोधून ठेवा

पोट रिकामं राहिलं म्हणून रमजानमध्ये निरोगी माणूस सहसा आजारी पडत नाही. पाणी कमी पडतं आणि संध्याकाळी तळलेलं जास्त होतं, म्हणून माणूस आडवा होतो. परभणीच्या आमच्या घरात लहानपणापासून हेच बघत आलेय. 2019 ला रोजे 7 मे ला सुरू झाले होते, त्यात दुष्काळाचं वर्ष, गल्लीत टँकर आला की घागरींची रांग, ऊन चाळीसच्या वर, आणि पहाटे साडेचारला सहेरी (रोजा धरण्याआधीचं पहाटेचं जेवण) संपली की संध्याकाळी सातपर्यंत घशाखाली थेंब नाही. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो म्हणून आता तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आलाय आणि रोजा तास-दीड तासाने छोटा झालाय, पण म्हणून बिनधास्त राहू नका, मार्चमध्ये आपल्याकडं दुपारी बाहेर पडून बघा म्हणजे कळेल.

पहिली गोष्ट चहा. दिवसाला पाच-सहा कप पिणाऱ्याचं पहिल्या दोन दिवसांत डोकं फुटायला लागतं, आणि घरचे म्हणतात रोजा लागला. ते बऱ्याचदा रोज्याचं नसतं, अचानक तुटलेल्या चहाचं असतं. आठवडाभर आधीपासून रोज एक-एक कप कमी करत आणा आणि सकाळचा पहिला कप सगळ्यात शेवटी सोडा. सहेरीला चहा लागतोच असं असेल तर अर्धा कप, आणि तो पाणी प्यायच्या आधी.

आता पाणी, याच्यावर मी जरा जास्तच बोलते. सहेरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत चार ग्लास ढोसायचे आणि वाटायचं की दिवसाची सोय झाली, तसं होत नसतं, त्यातलं बरंचसं थोड्याच वेळात लघवीवाटे निघून जातं आणि वरून पोट डबडबतं. मी एक लिटरची बाटली ठेवते. रोजा सोडल्यापासून तरावीहला (रमजानमधली रात्रीची खास नमाज) निघेपर्यंत एक बाटली घोट-घोट संपवायची, तरावीहवरून आल्यावर झोपेपर्यंत दुसरी, आणि सहेरीला उठल्यावर अर्धी. अडीच लिटर झालं. बाटली डोळ्यासमोर असली की खोटं बोलता येत नाही. दुपारी लघवी गर्द पिवळी दिसायला लागली तर समजायचं की रात्री कमी प्यायलात. शेतात किंवा बांधकामावर काम असेल, घाम लई जात असेल तर रात्री एखादा ग्लास ओआरएसचा घ्या (बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारूनच). लाल सरबत चांगलं लागतं मान्य आहे, पण त्यात साखरच साखर असते. त्यापेक्षा पातळ ताक, त्यात जिरं आणि अगदी चिमूटभर मीठ, किंवा सब्जा घातलेलं लिंबूपाणी.

सहेरी बुडवू नका. रात्री दाबून जेवून झोपतो, पहाटे उठत नाही म्हणणारी पोरं दुपारी तीनला भिंतीला टेकून बसलेली दिसतात. आणि सहेरीला फेणी (बारीक शेवया)-दूध, बिस्किट, पाव असलं नको, ते लवकर जिरतं आणि दहा वाजताच भूक लागते. आपल्याकडं ज्वारी आहे की! ज्वारी हळूहळू पचते, पोटाला आधार राहतो. भाकरी, मुगाची उसळ किंवा अंडं, वाटीभर दही, एवढं पुरे. पहाटे भाकरी थापायचा कंटाळा येत असेल तर अम्मीची युक्ती सांगते, धपाटे. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, तीळ, ओवा, लसूण, चिरलेली मेथी, मिरची नेहमीच्या निम्मी आणि मीठही कमी, सगळं मळून ओल्या फडक्यावर थापायचं आणि तव्यावर भाजायचं. रात्री करून कपड्यात गुंडाळून ठेवले की पहाटे दह्यासोबत दोन खाल्ले तरी बास. पण त्याच्यासोबत लोणचं, पापड, शेंगदाण्याची तिखट चटणी घेतली तर दिवसभर तहान-तहान होणार, चटणी रात्रीच्या जेवणात घ्या.

रोजा सोडताना आमच्या घरी आता नियम केलाय. दोन-तीन खजूर, एक ग्लास साधं पाणी, थोडं फळ, आणि मगरीबच्या (सूर्यास्तानंतरच्या) नमाजला उठायचं. त्या पंधरा-वीस मिनिटांत पोटाला कळतं की काहीतरी आलंय, मग ताटावर बसल्यावर हात आपोआप आवरतो. पूर्वी भजी, समोसे, दहीवडे, सगळं एकाच वेळी पुढ्यात यायचं आणि नमाजला वाकताना घशाशी यायचं. भजी बंद करा असं मी म्हणणार नाही, वर्षातून एकदाच रमजान येतो. आठवड्यातून दोनदा करा, आणि कालचं काळं पडलेलं तेल परत चढवू नका. बाकीचे दिवस उकडलेले हरभरे, कांदा-काकडी, लिंबू, नाहीतर टरबूज. मोसंबी जालन्याची मिळते, तिचा ज्यूस काढण्यापेक्षा फोडी खा, चोथा पोटात गेला की रमजानमध्ये हमखास होणारी पोट साफ न होण्याची तक्रार कमी होते. नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) किंवा हलीम (मटण, गहू, डाळ एकत्र शिजवलेलं) असेल त्या दिवशी तेच जेवण समजायचं, त्याच्यावर बिर्याणी नको.

आता अब्बांचं सांगते, कारण हे घराघरात होतं. शुगर आहे, गोळी सुरू आहे, आणि एकदा दुपारी साडेचारला त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायले, बोलणं अडखळायलं. मशीनवर बघितलं तर 62. ते म्हणायले, दोनच तास राहिलेत, धरू दे. भाऊ पळत जाऊन मशिदीतल्या मौलानांना घेऊन आला, ते म्हणाले चाचा, जीव धोक्यात असताना रोजा सोडायची सूट अल्लाहनेच दिलीय. सूरह बकराच्या 184-185 आयतीत आजारी माणसाला आणि प्रवाशाला ती सूट आहे, नंतर कजा करता येते, म्हणजे सुटलेला रोजा पुढे कधीतरी धरून भरून काढता येतो. साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, मग जेवण दिलं. त्या रोज्याची कजा त्यांनी हिवाळ्यात केली, दिवस छोटा असताना.

म्हणून शुगरवाल्यांनी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरकडं जाऊन गोळ्यांच्या वेळा बदलून घ्या, विशेषतः ग्लिमेपिराइड (शुगर खाली आणणारी गोळी) किंवा इन्सुलिन असेल तर, स्वतःच्या मनाने डोस कमी-जास्त करू नका. बोट टोचून शुगर बघितल्याने रोजा तुटत नाही असंच बहुतेक उलेमा (धर्माचे जाणकार) सांगतात, तेव्हा ते टाळू नका. 70 च्या खाली किंवा 300 च्या वर आकडा गेला तर लगेच रोजा सोडायचा, घड्याळाकडं बघायचं नाही. आणि एरवी रोजा सोडताना शुगरवाल्यांना खजूरसुद्धा एकच. किडनीचे पेशंट, गरोदर बाया आणि अंगावर दूध पाजणाऱ्या आयांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय रोजा धरू नये, आणि त्यांना कोणी टोमणे मारू नयेत, हे मी हात जोडून सांगते.

ॲसिडिटीवाल्यांनी सहेरी झाली की लगेच आडवं होऊ नका, फजरची (पहाटेची) नमाज पढा, थोडं फिरा, मग झोपा. दुपारी जोहरच्या नमाजनंतर अर्धा तास डोळा लागला तर बरंच, कारण रात्रीची झोप तुटलेली असते. व्यायाम करायचाच असेल तर इफ्तारनंतर, तरावीहला मशिदीपर्यंत चालत गेलात तरी चालेल.

आणि ईदच्या दिवशी सकाळी एकदम तीन-चार घरचा शीरखुर्मा पोटात ओतू नका, महिनाभराची सवय मोडलेली असते. अम्मी त्या दिवशी मुद्दाम चहाच्या कपाएवढ्या छोट्या वाट्या काढते, पाहुण्यांनाही त्याच देते, ज्याला अजून हवा तो मागून घेतो.