ऑफिस केबिनला वीज देताना आधी अंतर मोजा

पोर्टेबल केबिनला वीज द्यायची म्हटलं की आधी लोडचा हिशोब होतो. दिवे, पंखे, कॉम्प्युटर किरकोळच. खरा भार एसी आणि चहाच्या किटलीचा. किटली एकटीच दीड-दोन किलोवॅट खाते, आणि नेमकी तीच यादीतून सुटते.

पण मुख्य बोर्डापासून केबिनपर्यंतचं अंतर कुणी मोजत नाही. 230 व्होल्टवर 4 किलोवॅट म्हणजे साधारण 17 अँपिअर. 50 मीटरवर 2.5 चौरस मिमीची तांब्याची केबल टाकली, तर सुमारे 15 व्होल्ट वाटेतच जातात. 6 चौरस मिमीची घेतली तर 6 व्होल्टच्या आसपास. व्होल्टेज पडलं की एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना कुरकुरतो. इथे पैसे वाचवू नका.

केबिन पत्र्याची असेल तर सांगाडा अर्थिंगला जोडलाच पाहिजे, आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. केबल आत शिरते तिथे ग्लँड (केबल घट्ट धरणारी कडी) बसवा, नाहीतर पत्र्याची धार हळूहळू इन्सुलेशन कापते. गाड्यांच्या वाटेवर आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल जमिनीखालून न्या. जोडणी मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.