घोरतोय म्हणजे झोपलाय नव्हे: ब्राउन शुगरच्या कामातल्या या चुका टाळा

ब्राउन शुगर (अशुद्ध हेरॉइन) ओढणाऱ्यांसोबत काम करायला मुंबईत फील्डवर नव्याने उतरलेल्या कार्यकर्त्यांच्या हातून त्याच त्या चुका होतात. त्यातली पहिली थेट जिवावर बेतते.

पुलाखाली एक जण पडलाय. सोबतचे म्हणतात, 'घोरतोय, झोपू दे.' जवळ जाऊन बघा. ओठ आणि नखं निळसर, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, घशात घरघर, दोन श्वासांत लांबलचक खंड. हा ओव्हरडोस. छातीच्या मधल्या हाडावर बोटांची पेरं जोरात घासा. हलला नाही तर लगेच 108. 'बेशुद्ध आहे, श्वास नीट चालत नाही' आणि नेमका पत्ता, एवढं सांगितलं की पुरे. पोलीस येतील या धास्तीने फोन लांबवतात, ते अजिबात करू नका.

मग सुरू होतात घरगुती उपाय: तोंडावर पाणी, नाकाला कांदा, दंडाला धरून चालवणं, कुणी तर मिठाचं पाणी टोचतो. माणूस मरतो तो श्वास थांबून, आणि यातल्या कशानेच श्वास येत नाही. उताणा ठेवा, हनुवटी वर करा, नाक दाबून दर पाच सेकंदांना एक श्वास द्या. छाती वर येतेय ना, ते पाहत राहा. नाडीही नसेल तर छाती दाबायला घ्या. प्रशिक्षण झालं असेल आणि जवळ नॅलोक्झोन (हेरॉइनचा असर उतरवणारं औषध) असेल, तर 0.4 मिलिग्रॅमचा अँप्यूल मांडीच्या बाहेरच्या स्नायूत द्या. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर ते चालत नाही, तरी द्याच, कारण सोबत ब्राउन शुगर असू शकते.

शुद्धीवर आला की सगळे पांगतात. इथे तर फार राग येतो. नॅलोक्झोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, ब्राउन शुगर अंगात उरलेलीच असते. माणूस पुन्हा बुडू शकतो. वर टर्की (नशा तुटल्यावरचा त्रास) लागल्यामुळे तो लगेच पुन्हा ओढायला निघतो. कुशीवर वळवा आणि किमान दोन तास हलू नका.

दुसरी चूक याच्या आधीची. हा पोरगा बहुतेक वेळा नुकताच जेलमधून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलेला असतो. काही आठवड्यांच्या खंडात शरीराची सवय मोडते. जुनीच मात्रा, पण आता ती झेपत नाही. घरचे 'सुटला एकदाचा' म्हणतात, कार्यकर्ता फाइल बंद करतो. सुटायच्या दिवशी गेटवर हजर राहा, पहिले पंधरा दिवस रोज भेटा, आणि हा धोका त्याच्या आईला त्याच्यासमोरच समजावून सांगा.

बुप्रेनॉर्फिनची (ब्राउन शुगरऐवजी डॉक्टर देतात ती गोळी) घाई नको. शेवटच्या पन्नीनंतर, म्हणजे शेवटचं ओढल्यानंतर, टर्कीची लक्षणं नीट दिसायच्या आधी पहिली गोळी दिली, तर टर्की एकदम उसळते आणि माणूस पुन्हा केंद्राकडे फिरकत नाही. वेळ डॉक्टर ठरवतील, पण शेवटचं कधी ओढलं हे खरंखुरं काढून घेणं तुमचं काम. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत समोर बसा. 'दोन महिन्यांत बंद करा' असा तगादा लावणाऱ्या नातेवाइकांपुढे नमू नका.

एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम 64अ चं, म्हणजे उपचार घेणाऱ्यावर खटला नाही, हे आश्वासन सरसकट देऊ नका. कलम 27 (सेवन) किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा (हेरॉइन 5 ग्रॅमपर्यंत), स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार, आणि तेही पूर्ण, तरच संरक्षण. अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं.

खोलीत कोंडून सोडवायला निघालेल्या घरच्यांना 14446 हा हेल्पलाइन नंबर द्या, आणि कडी तुमच्यासमोर उघडायला लावा.