जुना ट्रान्समीटर उघडण्याआधी बॅटरी पाहा
पत्र्याच्या खोलीत विदर्भाचे कित्येक उन्हाळे सोसलेला, मॉडेल विमानाचा जुना ट्रान्समीटर (जमिनीवरून विमान चालवण्याचा हातातला रिमोट) चालत नसेल, तर सर्किटला दोष देण्यापूर्वी त्याचा बॅटरीचा कप्पा उघडावा. निकेल-कॅडमियमच्या 8 सेलच्या संचाचा व्होल्टेज ट्रान्समीटर चालू ठेवूनच मोजावा. पूर्ण चार्जिंगनंतरही तो लगेच 9.6 व्होल्टच्या बराच खाली घसरत असेल, तर संच बदलावा. सेलमधून झिरपलेला क्षार काळ्या, म्हणजे ऋण तारेच्या आवरणाखालून पुढे सरकतो आणि आतले तांबे काळे पाडतो. अशी तार घासून वाचवण्याचा मोह माझ्या मते घातक आहे, ती पूर्णच बदलावी. वावरातील धूळ स्टिकच्या पोटेन्शिओमीटरमध्ये (दांडीची स्थिती टिपणाऱ्या भागात) शिरली असल्यास सर्वो, म्हणजे विमानाचे पंखे-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी, थरथरतात. उड्डाणापूर्वी अँटेना मिटवून, धुऱ्याधुऱ्याने सुमारे 30 पावले दूर जाऊन नियंत्रण तपासावे.