सुटीतील व्याकरण-लेखन सराव : जादा गुण बुडविणाऱ्या या चुका टाळा

वैशाखात शाळांना कुलपे लागली, की मराठवाड्यातील माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षकाची एक योजना सुरू होते : सुटीत व्याकरण आणि लेखनाची वही पूर्ण करून आणणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या चाचणीत पाच गुण जादा. योजना चांगली आहे. परंतु जूनच्या मध्यावर जमा झालेल्या वह्या चाळू लागलो, की गुण द्यावेत असे काम त्यांतील थोड्याच वह्यांत सापडते. वही भरलेली असते, अक्षर वळणदार असते, आणि तरीही एप्रिलमध्ये चुकणारा शब्द जूनमध्ये तसाच चुकलेला असतो.

याचे मूळ 'शुद्धलेखन' या शब्दाला आपण दिलेल्या अर्थात आहे. 'रोज एक पान शुद्धलेखन काढ' असे सांगितले, की पुस्तकातील एक पान उतरवून काढायचे, असेच मूल समजते आणि पालकही तसेच समजतात. उतरवून काढण्याने अक्षर सुधारते, नियम मात्र अंगवळणी पडत नाही, कारण डोळा छापील शब्दावर आणि हात वहीवर चालत असताना वेलांटी पहिली की दुसरी, हे लिहिणाऱ्याला स्वतः ठरवावेच लागत नाही. आठवीतील एका मुलाने अशी तीस पाने उतरवली होती आणि त्यांत 'विहिरीत' हा शब्द कोठेही चुकला नव्हता. त्याच वहीच्या शेवटी स्वतःच्या मनाने लिहिलेल्या दहा ओळींत त्याचे वाक्य होते : 'आमच्या विहीरीतले पाणी आटले म्हणून ऊसाला पाणी देता आले नाही.' मला विचाराल, तर त्या तीस पानांपेक्षा हे एक वाक्य अधिक मोलाचे होते, कारण दुरुस्त करण्यासारखे काहीतरी त्यातच होते. म्हणून पाच ओळी वाचाव्यात, पुस्तक मिटावे, त्या आठवून लिहाव्यात आणि मग पुस्तक उघडून शब्दाशी शब्द ताडून पाहावा. घरात थोरले भावंड असेल, तर त्याच्याकडून श्रुतलेखन घ्यावे; त्याचीही उजळणी होते.

त्या मुलाची चूक सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाच्या रूपात होणाऱ्या बदलाची होती, आणि सुटीच्या वह्यांत सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी होतात. मराठी शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातील दीर्घ ईकार किंवा ऊकार प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो, एवढाच हा नियम आहे. तो पाठ करण्यापेक्षा शेताच्या बांधावर बसून शिकावा, कारण आपल्या शिवारातील निम्मे शब्द या नियमात बसतात. तूर, पण तुरीचा भाव. मूग, पण मुगाची डाळ. ऊस, पण उसाचे बेणे. तीळ, पण तिळाचे तेल. पीक, पण पिकाला पाणी. जमीन, पण जमिनीचा कस. कापूस थोडा वेगळा वागतो : त्याचा ऊकार ऱ्हस्व न होता नाहीसाच होतो आणि 'कापसाला' असे रूप होते, जसे लाकूड या शब्दाचे 'लाकडाला' होते. ज्या उन्हात ही सुटी जाते, ते 'ऊन'सुद्धा 'उन्हात' असेच लिहायचे असते, आणि त्यावरून झालेला 'उन्हाळा'ही ऱ्हस्वच. दुकानातून आणलेल्या एका वहीवरील छापील चिठ्ठीवर मात्र 'ऊन्हाळी अभ्यास' असे ठळक अक्षरांत होते, तेव्हा सगळा दोष मुलांच्या माथी मारणे बरे नव्हे.

हा नियम कळला, की हुशार मुले लगेच उलट बाजूने घसरतात आणि 'शरिरात' असे लिहू लागतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम, शब्द आपला दीर्घ स्वर सोडत नाहीत : शरीर आणि शरीरात, गीत आणि गीताला. 'परिक्षा' आणि 'सुचना' यांत तर मूळ शब्दच बिघडलेला असतो. ते 'परीक्षा' आणि 'सूचना' असे आहेत. असे शब्द नियमाने नव्हे, तर यादीने आठवणीत राहतात. वहीच्या शेवटच्या पानावर अशी यादी करावी, पण तीत आपण प्रत्यक्ष चुकलेलेच शब्द घालावेत.

उच्चाराप्रमाणे लिहिण्याची चूक आमच्या भागात विशेष दिसते. 'पानी', 'आनि', 'कोन आले' असे लिहिले जाते, कारण बोलताना आपल्या जिभेवर न आणि ण यांचा फारसा फरक राहत नाही. गणिताचा कोन आणि प्रश्नातला कोण, हे दोन्ही शब्द खरे असल्यामुळे ही चूक पुन्हा वाचतानाही निसटते. मात्र 'जाऊलालाव', 'करूलालाय' ही आपली बोली चुकीची आहे, असे कोणत्याही मुलाला सांगू नये. कथालेखनात आजीच्या तोंडी हेच शब्द शोभून दिसतात. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, एवढे भान पुरेसे आहे. एकाच निबंधात वरच्या ओळीत 'झाडे' आणि खालच्या ओळीत 'झाडं' लिहिणे, हा मात्र निव्वळ निष्काळजीपणा होय.

वाचण्यासाठी काय हाती घेतो, तेही पाहावे. गावोगावी सप्ताह होतात, घरात पोथ्या असतात आणि त्यांच्या जुन्या प्रतींत 'नाहीं', 'कांहीं' अशी रूपे असतात. ती त्या काळी बरोबरच होती. 1962 च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले असे अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे आज ती उतरवू नयेत. चुका शोधण्यासाठी लग्नसराईतील पत्रिका उत्तम. 'आशिर्वाद' हा चुकीचा शब्द मुलांना तीत पुन्हा पुन्हा सापडतो आणि 'आशीर्वाद' कायमचा लक्षात राहतो.

दहावीत जाणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ध्यानात घ्यावा. कुमारभारती या मराठीच्या पाठ्यपुस्तकावरील 80 गुणांच्या प्रश्नपत्रिकेत भाषाभ्यासाला 16, तर उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत; तरीही सुटीच्या वह्यांत समास आणि अलंकार यांची पाने भरतात आणि बातमी, पत्र, जाहिरात यांची पाने कोरी राहतात. जे लेखन असते, तेही बहुधा मार्गदर्शक पुस्तकातले (गाइडमधले) : मामाच्या गावची नदी 'खळखळ वाहत' असते, आणि तो निबंध लिहिणारा मुलगा सकाळी टँकरपाशी घागर घेऊन उभा असतो. त्याने टँकरची बातमी लिहावी; कोठे, केव्हा, किती वेळ, हे सर्व त्याला माहीत आहे.

माझीही एक चूक येथे नोंदवतो. पूर्वी मी पाने मोजून गुण देत असे, त्यामुळे शाळा उघडण्यापूर्वीच्या चार दिवसांत, दुपारच्या घामाने शाई फुटलेल्या वह्या तयार होत. पुढे मी नियम बदलला : स्वतःची चूक स्वतः हिरव्या शाईने दुरुस्त केली, तरच गुण. त्या वर्षी दोघांनी मुद्दाम चुका करून त्या दुरुस्त केल्या! आता मी दोन अटी घालतो. दुरुस्ती किमान चार दिवस जुन्या पानावर, तारीख घालून करावी, आणि एकाच प्रकारच्या चुकीचा गुण एकदाच मिळेल. ताज्या पानावर डोळ्याला चूक दिसत नाही, कारण आपण लिहिलेले नव्हे, तर लिहायचे होते ते वाचत असतो. चार दिवसांनी तेच पान परक्याचे वाटते. सकाळी ऊन चढण्यापूर्वी अर्धा तास नवे लेखन आणि दुपारी घरात बसून जुन्या पानाची तपासणी, अशी वाटणी केली, तर पंधरा-वीस पानांची वहीसुद्धा पाचपैकी पाच गुण मिळवते.