ईस्टबोर्नला सहा रात्री: बडोदेकरांसाठी इंग्लंडच्या किनाऱ्याचं नियोजन

बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांचं इंग्लंड म्हणजे वेम्बली, हॅरो नाहीतर लेस्टरला कुणाकडे तरी उतरायचं आणि तिथूनच रोज एकेक ठिकाण उरकून यायचं. लंडन शहरापुरतं हे चालतं, समुद्राला चालत नाही. वेम्बलीहून ब्रायटनला जाण्या-येण्यात चारेक तास मोडतात. पोचता तेव्हा नेमकी भरती असते, नाहीतर वारा सुटलेला असतो, आणि परतीची गाडी ठरलेली असते. नातेवाइकांकडे हवे तितके दिवस राहा, पण किनाऱ्यासाठी पाच-सहा रात्री वेगळ्या काढा आणि त्या सगळ्या एकाच गावात काढा. कोणत्या दिवशी कुठे जायचं हे तिथे पोचल्यावर भरती, वारा आणि पाऊस बघून ठरवायचं. आधीपासून पक्कं करायचं ते फक्त गाव, घर आणि आठवडा.

गाव म्हणून आम्ही ईस्टबोर्न सुचवतो. कॉर्नवॉल सुंदरच आहे, पण लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झन्सला रेल्वेने पाच तासांच्या वर लागतात. डॉर्सेटचा जुरासिक कोस्ट २००१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, मात्र गाडी नसेल तर तिथे निम्मा वेळ बसची वाट बघण्यात जातो. ईस्टबोर्नला लंडन व्हिक्टोरियाहून दीड तास, गॅटविक विमानतळाहून तासभर. किनाऱ्यालगत लांबच लांब सपाट फरसबंद रस्ता आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांचंही जमतं. आणि गावाच्या वेशीवरच पांढऱ्या खडूचे कडे सुरू होतात.

कधी जायचं

गुजरातच्या शाळांची उन्हाळी सुट्टी जूनच्या सुरुवातीला संपत येते. इंग्लंडच्या शाळा जुलैच्या उत्तरार्धात सुटतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला भरतात. या दोन महिन्यांच्या तफावतीचा फायदा आपला. मेचा शेवटचा सोमवार म्हणजे बँक हॉलिडे, आणि तो आठवडा तिकडच्या शाळांनाही मधली सुट्टी असते. तेवढा टाळा. त्याच्या अलीकडचा किंवा पलीकडचा आठवडा उत्तम: भाडं ऑगस्टपेक्षा बरंच कमी आणि जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड. पाणी मात्र गार असतं, जूनमध्ये १४-१५ अंश. ऑगस्टमध्येही १७-१८ च्या वर फारसं जात नाही. दमण किंवा तिथलच्या हिशेबाने पोरांना तासभर डुंबायला सोडू नका, पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं पुरे.

दिवाळीच्या सुट्टीत हा बेत करू नये. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेचारच्या सुमारास सूर्य बुडतो. किनाऱ्यावरच्या हंगामी बस आणि टपऱ्याही तोवर बंद झालेल्या असतात.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो. बोटांचे ठसे दिल्यावर निकालाला साधारण तीन आठवडे धरा. ठशांसाठी अहमदाबादची फेरी आहेच. मराठी किंवा गुजरातीतल्या कागदांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. लग्नाचा दाखला आणि जमिनीचा उतारा इथे हमखास अडतात. व्हिसा हातात येईपर्यंत घर रद्द करता येईल अशाच अटीवर ठेवा.

घर बघताना

स्वयंपाकघर असलेला फ्लॅट आठवड्याच्या हिशेबाने घेतला तर चौघांच्या कुटुंबाला हॉटेलपेक्षा सोयीचा पडतो. असे फ्लॅट बहुधा शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार मिळतात. दुपारी चारला ताबा, निघायच्या दिवशी सकाळी दहाला चावी परत. विमानाचं तिकीट काढायच्या आधी हा वार बघा. उलटं केलं तर मधल्या एक-दोन रात्री लटकतात.

जाहिरातीत ‘सी व्ह्यू’ लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात खिडकीतून मान बाहेर काढल्यावर समुद्राची चिंधी दिसते. शब्दावर जाऊ नका, खिडकीतून काढलेला फोटो मागा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मजल्याचा. ईस्टबोर्नच्या समुद्रासमोरच्या इमारती व्हिक्टोरियन काळातल्या, चार-चार मजली, आणि कित्येकींना लिफ्टच नाही. २३ किलोची बॅग अरुंद जिन्याने कोण चढवणार हे आधी ठरलेलं बरं.

शेगडी इंडक्शनची आहे का, हे विचारा. असेल तर घरचा ॲल्युमिनियमचा कुकर तिथे तापतच नाही, तळाला चुंबक चिकटणारा स्टीलचा न्यावा लागतो. आणि फोडणी! मोहरी तडतडून मिरची पडली की धुराचा अलार्म कोकलतो. काही इमारतींत तो सगळ्या मजल्यांवर वाजतो आणि लोक चपला घालून रस्त्यावर येतात. अलार्मवर फडकं बांधणं किंवा त्याची बॅटरी काढणं हा उपाय नव्हे. तेल घालण्याआधी पंखा लावा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावा, आणि तेल धुरावेपर्यंत तापवू नका.

सामानात भाकरवडी आणि लीलो चिवडा खुशाल न्या. दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, श्रीखंड घरीच. कणीक, डाळ, तांदूळ मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळतात. फक्त शनिवारी संध्याकाळी पोचलात तर खरेदी त्याच दिवशी उरका, कारण रविवारी मोठ्या दुकानांना सलग सहाच तास उघडं ठेवता येतं आणि ती चार-पाचला बंद होतात.

जायचं कसं

गॅटविकला उतरलात तर तिथूनच ईस्टबोर्नची थेट गाडी असते. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइनने फॅरिंगडन, तिथे थेम्सलिंक पकडून गॅटविक, आणि मग ईस्टबोर्नची गाडी. वेम्बलीहून निघणाऱ्यांनी व्हिक्टोरियाचा वळसा घ्यायची गरज नाही. वेम्बली सेंट्रलहून ‘सदर्न’ रेल्वे कंपनीच्या गाडीने क्लॅपहॅम जंक्शनला उतरा, ईस्टबोर्नच्या गाड्या तिथे थांबतात. लंडनचं प्रवासाचं ऑयस्टर कार्ड गॅटविकपर्यंतच चालतं. पुढे जाऊन दंड भरणारे पुष्कळ भेटतात.

५ ते १५ वर्षांचं एक तरी मूल बरोबर असेल तर ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’ रेलकार्ड घ्या. ३५ पौंडांत मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सवलत मिळते. चौघांच्या कुटुंबाचे पैसे एक-दोन फेऱ्यांत वसूल होतात. मुलं नसतील आणि मोठी माणसं तीन ते नऊ असतील तर गर्दीची वेळ सोडून ‘ग्रुपसेव्ह’चं तिकीट मागा, त्याला कार्डच लागत नाही. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस लावतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक बघाच.

बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. एका वेळचं तिकीट सध्या बहुतेक ठिकाणी ३ पौंडांच्या वर जात नाही.

भरतीचा तक्ता

कावी-कंबोईला स्तंभेश्वराचं दर्शन ज्यांनी भरतीच्या वेळा बघून घेतलं आहे, त्यांना हे वेगळं शिकवायला नको. इंग्लिश खाडीतही दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोजची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त वर चढतं, तसंच ओहोटीला जास्त आतही जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा दोन्ही कमी. तिथी बघायची सवय असलेल्या घराला आठवड्याचा अंदाज कॅलेंडरवरूनच येतो. नेमक्या वेळा ब्रिटनच्या जलसर्वेक्षण विभागाच्या ‘ईझीटाइड’वर सात दिवसांपर्यंत फुकट मिळतात.

एक चूक मात्र जाणत्यांचीही होते. छापील तक्त्यात वेळा कधीकधी ग्रिनिच प्रमाणवेळेत असतात, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात. तक्त्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. ‘जीएमटी’ असेल तर एक तास मिळवा.

कड्यांखालच्या किनाऱ्यावर उतरायचं असेल तर ओहोटीच्या तळाच्या दोनेक तास आधी उतरा आणि पाणी परत फिरायच्या आत वर या. एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला चढतं पाणी असं झालं की बाहेर पडायला वाट नसते. कड्याच्या अगदी पायथ्याशी बसणंही नको. लाटा खालून खडू पोखरतात, पाऊस वरून भेगांत शिरतो, आणि मोठाले तुकडे काही सूचना न देता कोसळतात. वरूनही तेच. हिरवळ भक्कम दिसते, पण खाली बऱ्याचदा पोकळी असते. कडेपासून किमान पाच मीटर लांब राहा, फोटोसाठीसुद्धा.

पोहायचं ते लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधे, जिथे जीवरक्षक असतात. नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही. नारिंगी वाऱ्याची पिशवी फडकत असेल तर वारा जमिनीकडून समुद्राकडे आहे, मुलांच्या हवेच्या गाद्या-नळ्या बाहेर काढू नका. कुणी अडकलं तर ९९९ फिरवून ‘कोस्टगार्ड’ मागायचं.

सेव्हन सिस्टर्स

स्वच्छ दिवस मिळाला की पहिला मान या पांढऱ्या कड्यांच्या रांगेचा. ब्रायटनकडे जाणारी १२ क्रमांकाच्या मालिकेतली बस पकडून एक्सीटला, सेव्हन सिस्टर्स पार्क सेंटरच्या थांब्यावर उतरा. कॅलेंडरवर दिसणारा तो फोटो, पुढे तटरक्षकांची जुनी घरं आणि मागे पांढरे कडे, तो ककमियर नदीच्या पश्चिमेकडून काढलेला असतो. बसमधून उतरणारे निम्मे लोक समोर दिसणाऱ्या पूर्वेच्या वाटेने किनाऱ्यापर्यंत जातात, आणि मग कळतं की घरं नदीच्या पलीकडे आहेत. मुखाशी पूल नाही. पाण्यातून ओलांडायला जाऊ नका, ओढ जबर असते. फोटो हवा असेल तर उतरल्यावर आधी रस्त्यावरचा पूल ओलांडून पश्चिम तीराने चाला. लहान मुलाची गाडी किंवा ज्येष्ठ मंडळी असतील तर पूर्वेची सपाट वाटच बरी. किनारा गाठून परत फिरायचं.

पाय धड असतील तर पूर्वेच्या वाटेने कड्यांवर चढून बर्लिंग गॅपपर्यंत जा. तीन तास धरा. नाव सात बहिणींचं, पण चढ मोजले तर आठ भरतात. वारा बहुधा नैर्ऋत्येचा असतो, त्यामुळे या दिशेने तो पाठीवर येतो. उलट निघालात तर तोंडावर घेत चालावं लागतं. वाटेत ना दुकान ना नळ ना सावली: माणशी दीड लिटर पाणी घ्या. हवा गार असली तरी पांढऱ्या खडूवरून ऊन परततं, कान आणि मान भाजते. छत्री नेऊ नका, पहिल्याच चढावर उलटी होते. टोपीचं विंडचीटर हवं.

बर्लिंग गॅपला कॅफे, स्वच्छतागृह आणि किनाऱ्यावर उतरणारा लोखंडी जिना आहे. वादळानंतर जिना काही काळ बंदही असतो. तिथून परतीची १३ एक्स बस हंगामी आहे, रोज मिळेलच असं नाही. नसेल तर घाबरायचं कारण नाही: दीडेक किलोमीटर आत ईस्ट डीन गाव लागतं, तिथल्या मोठ्या रस्त्यावर १२ ची बस मिळते.

पूर्वेला बीची हेड, १६२ मीटर, ब्रिटनमधला सर्वांत उंच खडूचा कडा. खाली समुद्रात लाल-पांढरा दीपगृह १९०२ पासून चालू आहे. बर्लिंग गॅपच्या बाजूचा बेल टूट दीपगृह कडा झिजत आल्यामुळे १९९९ मध्ये अख्खा उचलून १७ मीटर मागे सरकवला.

बाकीचे दिवस

ढगाळ दिवस ब्रायटनला द्या. बसच्या वरच्या मजल्यावर डावीकडची सीट पकडली की समुद्र सोबत असतो. रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्यात १९१४ ते १९१६ या काळात जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. दक्षिणेच्या दरवाजाचं उद्घाटन १९२१ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी केलं. ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला, तिथे आज संगमरवरी छत्री उभी आहे. तिथवर गाडी जात नाही. पॅचमहून माळरानातून चढून जावं लागतं, वाटेत गुरं-मेंढरं असतात, फाटकं उघडाल तशी लावत जा. मुलं कंटाळली तर किनाऱ्यावरची व्होल्क्स रेल्वे आहे: १८८३ पासूनची, जगातली सर्वांत जुनी चालू विद्युत रेल्वे. ब्रायटनचा किनारा गोट्यांचा आहे, अनवाणी चालवत नाही.

वाळूच हवी असेल तर राय गाव गाठून तिथून बसने कॅम्बर सँड्स. वाटेत हेस्टिंग्जला उतरून मासेमारांच्या उंच काळ्या लाकडी जाळेघरांकडे चक्कर मारता येते. लुईसकडून येणारी हेस्टिंग्जची गाडी ईस्टबोर्नला आत शिरून उलट्या दिशेने निघते. परत चाललो की काय म्हणून उतरू नका.

खाण्याचं एकच सांगायचं. चिप्स म्हणजे बटाटाच, पण काही दुकानांत ते गाईच्या चरबीत तळतात, आणि वनस्पती तेल असलं तरी मासे त्याच कढईत. ‘बीफ ड्रिपिंग की व्हेजिटेबल ऑइल, आणि वेगळी कढई आहे का’ हे स्पष्ट विचारा. मिळाले की आडोशाला बसून खा. समुद्रपक्षी मागून झडप घालतात आणि पोरांच्या हातातला कागदच उडवतात.

निघायच्या दिवशी दहाला चावी द्यायची आणि विमान रात्रीचं, असा प्रसंग बहुतेकांवर येतो. घरमालकाला आदल्या दिवशीच विचारा, बॅगा दुपारपर्यंत ठेवू देतात का. नाही म्हणाले तर सरळ गॅटविक गाठा आणि सामान तिथल्या सामानघरात टाका.