फोनवर आवाज खणखणीत, नेट मात्र रखडतंय? या चुका टाळा

टेलिफोन लाइनवरचं नेट मंदावलं की बहुतेक जण आधी रिसीव्हर उचलतात. डायल टोन स्वच्छ, खरखर नाही, म्हणजे लाइन ठीक आणि दोष मोडेमचा! पहिली चूक इथेच होते. बोलण्याला जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्झ पुरतात. एडीएसएल२ प्लस, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून नेट देणारं एक तंत्र, त्याच दोन तारांवर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत चढतं, म्हणजे आवाजाच्या सहाशे पटींहून वर. तिथला बिघाड कानाला कळणार कसा? गंमत म्हणजे जोडीतली एक तार तुटली तर फोन ठार बंद पडतो, पण नेट कधीकधी रडतखडत चालू राहतं. वरच्या फ्रीक्वेन्सी ती फट ओलांडून जाऊ शकतात.

मोडेम हा सगळा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या कप्प्यांत वाटून घेतो. एडीएसएल२ प्लसमध्ये असे ५१२ कप्पे. कुठल्या कप्प्यात सिग्नल किती, गोंगाट किती हे पाहून तो प्रत्येकात जास्तीत जास्त १५ बिट भरतो. या कप्प्यांची बेरीज म्हणजे तुमचा स्पीड. फ्रीक्वेन्सी जितकी वरची तितका सिग्नल तांब्यात लवकर विरतो, म्हणून लाइन लांबली की आधी वरचे कप्पे रिकामे पडतात.

त्यामुळे लांबच्या लाइनवर प्लॅन वाढवून काही होत नाही. मोडेमच्या स्टेटस पानावर डाउनस्ट्रीम अ‍ॅटेन्युएशन बघा. तुमच्यापर्यंत येताना सिग्नल किती विरला, त्याचा हा आकडा. तो ५० डेसिबलच्या घरात असेल तर २४ मेगाबिटचा प्लॅन घेऊन फक्त बिल वाढेल. व्हीडीएसएल२ या पुढच्या, जास्त वेगवान तंत्राची तीच कथा. ते १७ किंवा ३० मेगाहर्ट्झपर्यंत जातं खरं, पण दोन-तीन किलोमीटरवर त्या वरच्या मजल्यावर कुणी पोचतच नाही.

घरातलं वायरिंग कुणी तपासत नाही, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच असते. आमच्याकडे मागच्या खोलीत जुनं एक्स्टेंशन होतं. फोन कधीच काढलेला, वायर मात्र मुख्य लाइनला तशीच जोडलेली, साधारण २५ मीटर. ‘रिकामी वायर काय बिघडवणार,’ असंच मलाही वाटायचं. पण सिग्नल त्या फांदीतही शिरतो, मोकळ्या टोकावर आपटतो आणि परत येतो. फांदीची लांबी लहरीच्या पाव भागाएवढी असली की परतणारी लहर नेमकी उलटी पडते आणि मूळ सिग्नलला खाऊन टाकते. केबलमध्ये सिग्नलचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. त्या हिशेबाने २५ मीटरची फांदी २ मेगाहर्ट्झच्या आसपास मारा करते, ५० मीटरची १ मेगाहर्ट्झजवळ. मोडेमच्या आलेखात ४६० क्रमांकाच्या कप्प्याजवळ खड्डा दिसत होता. ती वायर जोडाशीच सोडवली आणि खड्डा भरून आला. फोनवरच्या आवाजात तसूभर फरक नाही!

फोन आणि नेटचे सिग्नल वेगळे ठेवणाऱ्या छोट्या डबीचं, म्हणजे फिल्टरचं, थोडक्यात सांगतो. फोन, फॅक्स, अलार्म, जे जे लाइनवर असेल त्याला फिल्टर हवा, एकही सुटता कामा नये. मोडेम मात्र फिल्टरच्या ‘फोन’ लिहिलेल्या भोकात लावू नका, कारण तिथून वरच्या फ्रीक्वेन्सी गाळल्या जातात. घंटी वाजली की नेट तुटतंय? आधी फिल्टरच बघा.

शेवटची खोड म्हणजे नेट अडखळलं की मोडेम बंद-चालू करत बसणं. अनेक कंपन्यांची यंत्रणा अशा तुटण्याला लाइनचा दोष समजते आणि स्पीड आपणहून खाली आणते. त्याऐवजी एसएनआर मार्जिनचा (गोंगाटापुढे टिकायला सिग्नलकडे किती वाव उरलाय त्याचा) आकडा दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा टिपून ठेवा. मीडियम वेव्ह रेडिओचा ५३० ते १६०० किलोहर्ट्झचा पट्टा एडीएसएलच्या पट्ट्यातच येतो, आणि अंधार पडल्यावर ती स्टेशनं फार दूरवर पोचतात आणि लाइनवर गोंगाट वाढवतात. दुपारी ६ डेसिबल असलेलं मार्जिन रात्री १-२ वर घसरत असेल, तर तक्रार नोंदवताना हे दोन्ही आकडे वेळेसकट सांगा.